तळाची खबर

कुलू जिल्ह्यातील बंजार तहसिलीत गुशैणी नावाच्या लहानशा गावाखालून तीर्थन नदी वाहते, आणि तिच्या पात्रात हत्तीएवढ्या शिळांपासून नारळाएवढ्या गोट्यांपर्यंत सर्व आकारांचे दगड अशा रीतीने विखुरलेले आहेत की दर दहा हातांवर पाण्याचा वेग, खोली आणि आवाज ही तिन्ही बदलत जातात. पावसाळा सरून पाणी निवळल्यावर, ऑक्टोबरच्या आरंभी, मत्स्यविभागाचा परवाना खिशात घालून आणि मांडीपर्यंतच्या थंडगार पाण्यात उभा राहून, मी एका सकाळी चांगले दोन तास सुपारीएवढ्या एका नारिंगी चेंडूकडे टक लावून पाहत होतो. तो चेंडू माझ्या दोरीला अडकवलेला होता; त्याच्या खाली सुमारे चार फुटांवर, नदीच्या तळाशी राहणाऱ्या किड्याची नक्कल केलेला, डोक्याशी धातूचा मणी असलेला एक बारीक गळ लोंबत होता; आणि मासा त्या गळाला तोंड लावील त्या क्षणी चेंडू बुडेल, अशी माझी समजूत होती. चेंडू लाटांवरून डौलाने खाली जाई, मी तो उचलून पुन्हा वरच्या अंगाला टाकी, आणि पुन्हा तो तसाच डौलाने खाली येई. दोन तासांत तो एकदाही बुडला नाही.

माझ्याबरोबर आलेले गावातले एक वृद्ध वाटाडे काठावरच्या शिळेवर बसले होते. त्या डोंगरी मुलुखातील पुष्कळ माणसांप्रमाणे त्यांच्याही हाती सदैव तकली असे, आणि चालता-बोलता तिच्यावर लोकर कातली जाई. त्यांनी मला हाक मारून काठाशी बोलावले. "बाबूजी, हे फार मोठे आहे," एवढेच ते आपल्या हिंदीत म्हणाले. चेंडू दोरीवरून सोडवून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला, काखेतल्या झोळीतून कच्च्या, न धुतलेल्या लोकरीची एक चिमूट काढली, ती दोन बोटांत चोळून तिचे तंतू एका दिशेला आणले, दोरीवर सरकफास घालून त्यात ती अडकवली, फास आवळला आणि माझ्याकडची छोटी कात्री घेऊन तिची टोके अशी कातरली की उरला तो करवंदाएवढा, पांढुरका, पिंजारलेला पुंजका. "चाचाजी, हा भिजून बुडणार नाही का?" असे मी विचारले, तेव्हा त्यांनी आपली बोटे माझ्या नाकाशी धरली. मेंढीच्या अंगच्या तेलाचा उग्र वास त्यांना येत होता. तिसऱ्या फेकीला तो पुंजका एका बुडालेल्या खडकाच्या कडेशी आला आणि क्षणभर, अडखळल्यासारखा, थांबला. बुडाला नाही; नुसता थांबला. मी काठी उचलली, आणि एक वीत चार बोटे लांबीचा, पिवळसर कुशीवर काळे-तांबडे ठिपके असलेला ब्राउन ट्राउट दोरीच्या टोकाशी धडपडू लागला. त्याला पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवला, आणि तो पुन्हा त्याच खडकाआड दिसेनासा झाला.

त्या दोन तासांत माझ्या गळाला एकही मासा लागला नव्हता असे मी समजत होतो. आता मला त्याची खात्री वाटत नाही. माशांनी तो तोंडात घेतला असेल, चावून पाहिला असेल, धातू लागताच थुंकून टाकला असेल, आणि त्या नारिंगी चेंडूने यातले काहीच मला कळवले नसेल, असाच संभव अधिक आहे.

या चेंडूला किंवा पुंजक्याला इंग्रजीत स्ट्राइक इंडिकेटर म्हणतात. आपण त्याला सूचक म्हणू. आपल्याकडे ओढ्याकाठी गळ टाकून बसणारी मुले दोरीला ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा किंवा मोरपिसाच्या देठाचा तुकडा बांधतात, तत्त्व तेच आहे. परंतु डोहाच्या स्थिर पाण्यात गांडुळाला भुललेला मासा आमिष गिळून पळू लागतो आणि भेंडाला ओढून खाली नेतो. खरे मांस असल्यामुळे ते सोडण्याचे त्याला कारण नसते. वाहत्या पाण्यात, पिसे आणि तार गुंडाळून केलेल्या खोट्या किड्याची गोष्ट निराळी आहे. तो तोंडात येताच ट्राउटला त्याचा खोटेपणा कळतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो बाहेर टाकला जातो. एवढ्या अल्पावधीत तळाशी घडलेली घटना पृष्ठभागावर उभ्या असलेल्या माणसाला कळवणे, हे सूचकाचे काम. जासुदाने खबर आणावी, मात्र त्याच्या जाण्यायेण्याने खबरीत फरक पडता कामा नये, अशी जी अपेक्षा असते तीच इथेही आहे; आणि सूचकाची निवड करताना होणाऱ्या बहुतेक चुका ही दुसरी अपेक्षा विसरल्यामुळे होतात.

तळाच्या किड्याच्या या नकलेला निंफ म्हणतात. हा शब्द मूळचा ग्रीक पुराणातील निसर्गदेवतांचा. कीटकशास्त्रात तो मेफ्लाय, स्टोनफ्लाय यांसारख्या कीटकांच्या पाण्यातील बाल्यावस्थेला लावतात. मेफ्लायचे पंखांचे आयुष्य काही तासांचे, फार तर काही दिवसांचे. त्याआधीचे महिने, कित्येक जातींत वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ, ती तळाच्या दगडांना चिकटून, शेवाळ खरवडून खात घालवते. तीर्थनमधला कोणताही गोटा उचलून उलटा करा. त्याच्या ओल्या पोटावर चपट्या अंगाचे, तीन किंवा दोन शेपट्यांचे हे जीव आडोशाला धावताना दिसतील. ट्राउटचा बहुतांश आहार पाण्याखालचा असतो तो याच कारणाने, आणि म्हणून पृष्ठभागावर मासे उसळत नसले तरी निंफ वापरणाऱ्याला आशेला जागा असते.

ही साधी गोष्ट मान्य होण्यासाठी इंग्लंडात मोठा वाद झाला. फ्रेडरिक हॅलफर्ड (१८४४–१९१४) यांनी १८८६ आणि १८८९ साली लिहिलेल्या ग्रंथांनी तरंगत्या, कोरड्या नकली माशीच्या मासेमारीला शास्त्राची प्रतिष्ठा दिली, आणि त्यांच्या अनुयायांनी त्या शास्त्राचे जवळजवळ धर्मशास्त्र केले. त्याविरुद्ध उभे राहिले लंडनचे एक वकील, जॉर्ज एडवर्ड मॅकेंझी स्क्यूज (१८५८–१९४९). विंचेस्टरजवळच्या इचेन नदीवर वर्षानुवर्षे केलेल्या निरीक्षणांच्या बळावर त्यांनी १९१० साली पहिले पुस्तक प्रसिद्ध करून दाखवून दिले की मासा पृष्ठभागाखाली खात असेल तर त्याला पृष्ठभागाखालीच निंफ देणे हे गैर नसून सयुक्तिक आहे. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर रीतसर वादविवाद झाला तेव्हा स्क्यूज ऐंशीच्या घरात होते. पुढे विल्टशरमधील एव्हन नदीचे रक्षक फ्रँक सॉयर (१९०६–१९८०) यांनी दोरा वर्ज्य करून नुसती तांब्याची बारीक तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू यांचा निंफ बनवला, आणि त्या तारेच्या वजनाने तो खोल नेण्याची पद्धत रूढ केली.

स्क्यूज आणि सॉयर या दोघांनाही आजच्या अर्थाने सूचक ठाऊक नव्हता, आणि त्यांचे त्यावाचून अडलेही नाही. इचेन आणि एव्हन या खडूच्या डोंगरांतून झिरपलेल्या पाण्याच्या नद्या. त्यांचे पाणी स्फटिकासारखे निर्मळ, प्रवाह संथ, मासा डोळ्यांना दिसणारा. त्याने मान वळवली, तोंड उघडताना आतला पांढरेपणा चमकला, किंवा दोरी जिथे पाण्यात शिरते तो बिंदू किंचित पुढे सरकला, तर तेवढी खूण त्यांना पुरे. पण जिथे पाणी फेसाळते, खोल आहे, आणि तळ दिसत नाही, तिथे ही खूण मिळणे शक्य नसते. तिथे डोळ्याला आधार म्हणून सूचक आला.

आता निवडीचा विचार करताना पहिल्याने फ्लाय रॉडचे, म्हणजे या मासेमारीच्या काठीचे, वैशिष्ट्य ध्यानी घेतले पाहिजे. साध्या गळाच्या मासेमारीत शिशाचा गोळा फेकला जातो आणि दोरी त्याच्यामागून जाते. इथे उलट, जाड व वजनदार फ्लाय लाइन हवेत मागेपुढे फिरवून फेकली जाते, आणि तिच्या टोकाशी जोडलेला, निमुळता होत गेलेला, सामान्यतः नऊ फुटांचा नायलॉनचा लीडर आणि त्यापुढचा टिपेट नावाचा अगदी बारीक तुकडा तिच्यामागे उलगडत जातात. पाच एक्स या मापाचा टिपेट ०.१५ मिलिमीटर जाडीचा असतो. एवढ्या नाजूक रचनेच्या मधोमध एखादी अवजड वस्तू अडकवली की हवेत तिचे उलगडणे बिघडते, आणि पाण्यावर ती थप्पकन आदळते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याच्या पोटात घडते. नदीचे पाणी पृष्ठभागावर ज्या वेगाने धावते त्या वेगाने तळाशी धावत नाही. दगडगोट्यांच्या घर्षणामुळे तळाचा थर बराच मंद असतो, आणि मासा शक्ती वाचवण्यासाठी त्याच मंद थरात उभा असतो. प्रवाहातून सुटलेला खरा किडा त्या थराच्या वेगानेच माशापुढून वाहत जातो. आपला सूचक मात्र वरच्या, वेगवान थरात तरंगतो, साहजिकच तो खालच्या निंफला फरफटत नेऊ लागतो; आणि तळाच्या प्रवाहापेक्षा वेगाने पळणाऱ्या किड्यावर ट्राउटचा इतबार बसत नाही. सूचक जितका मोठा तितकी वरच्या प्रवाहाची त्याच्यावरची पकड घट्ट. माझा सुपारीएवढा चेंडू दोन तास नेमके हेच करीत होता. याची खातरजमा करण्याची एक सोपी रीत आहे: सूचकाच्या शेजारून वाहणाऱ्या बुडबुड्यांकडे पाहावे. बुडबुडे सूचकाला मागे टाकून पुढे जात असतील तर निंफ तळाच्या थरात उतरला आहे आणि सूचकाला आवरून धरतो आहे असे समजावे; दोघे बरोबरीने जात असतील तर निंफ अजून अधांतरी आहे. चाचाजींनी मला पुंजक्याऐवजी फेसाकडे पाहायला सांगितले तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

सबब सूचकाची निवड तळापासून वर करीत यावी, दुकानातल्या पेटीपासून खाली नव्हे. आधी पाणी किती खोल आणि किती वेगवान ते पाहावे. तेवढ्या पाण्यात तळाशी पोचण्यास किती वजनाचा निंफ लागेल ते ठरवावे. आणि शेवटी तेवढे वजन जेमतेम तोलून धरील असा लहानात लहान सूचक घ्यावा. निंफच्या डोक्याशी हल्ली बहुधा टंगस्टनचा मणी असतो. टंगस्टन पाण्याहून सुमारे १९ पट जड, शिसे ११ पट, पितळ साडेआठ पट; म्हणून त्याच आकारात टंगस्टन अधिक वेगाने बुडते, शिवाय ते विषारी नाही. शिशाच्या गोळ्या गिळून हंस मरतात हे लक्षात आल्यामुळे इंग्लंडात १९८७ पासून मासेमारीच्या नेहमीच्या वजनांच्या शिशाच्या गोळ्यांना मनाई आहे. तीन मिलिमीटर व्यासाचा टंगस्टनचा एक मणी आपल्या सराफी मापात जेमतेम दोन गुंजा भरतो, म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा.

आता गोळ्याचे गणित पाहा. एक सेंटिमीटर व्यासाचा पोकळ गोळा बुडवला तर तो सुमारे अर्धा घनसेंटिमीटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे स्वतःचे वजन वगळून जवळपास अर्धा ग्रॅम भार तो पेलू शकतो. असे दोन मणी त्याच्या खाली लोंबले तरी तो तरंगत राहील. व्यास दुप्पट करून दोन सेंटिमीटरचा गोळा घेतला की घनफळ दुप्पट न होता आठपट होते, आणि त्याची पेलण्याची शक्ती चार ग्रॅमच्या वर जाते. दोन मण्यांचे वजन तोलल्यावर त्याच्यापाशी साडेतीन ग्रॅमहून अधिक शक्ती शिल्लक राहते, आणि तो बुडावा असे वाटत असेल तर एवढी सगळी शिल्लक माशाने ओढून संपवली पाहिजे. जो मासा निंफ नुसता ओठांत धरून सोडून देतो तो ती कशाला संपवील? लहान गोळ्याची शिल्लक मात्र ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाइतकी असते, आणि त्याला नुसता स्पर्श झाला तरी तो मान तुकवतो. डोळ्याला एका सेंटिमीटरने मोठा दिसणारा गोळा प्रत्यक्षात किती बोथट असतो हे या आकड्यांवाचून ध्यानात येत नाही, आणि म्हणूनच नवखा माणूस दिसायला सोपा म्हणून मोठा गोळा उचलतो.

सूचकांचे प्रकार पुष्कळ आहेत, परंतु त्यांपैकी लोकरीच्या पुंजक्याला मी पहिला मान देतो, आणि तो केवळ तीर्थनच्या आठवणीमुळे नव्हे. पुंजक्याचे तरंगणे तंतूंच्या मध्ये अडकलेल्या हवेवर अवलंबून असते, त्यामुळे त्याचे आकारमान कात्रीने हवे तसे कमीजास्त करता येते; दुपारी उथळ पाण्यात आलो तर दोन कात्रींत तो निम्मा होतो, जे कोणत्याही चेंडूला शक्य नाही. पाण्यावर तो पिसासारखा उतरतो. त्याचे तंतू वर उभे राहतात, म्हणून तीस फुटांवरूनही तो दिसतो आणि त्याचा कलही दिसतो: खालची दोरी ज्या दिशेला ताणलेली असेल तिकडे तो झुकतो, आणि निंफ सूचकाच्या पुढे आहे की मागे हे त्यावरून ओळखता येते. कच्च्या लोकरीत मेंढीच्या त्वचेची स्निग्धता असल्यामुळे ती पाणी झटकते. बाजारात मिळणारे पॉलिप्रॉपिलीनचे धागे मुळातच पाण्याहून हलके असतात. साध्या धुतलेल्या लोकरीला मात्र सिलिकोनचे मलम बोटांनी चोळून आतपर्यंत मुरवावे लागते. मलम सगळ्या तंतूंना लागावे, गोळा होऊन बसू नये, नाहीतर हवेची जागाच बुजते. पुंजक्याचे दोन दोष मान्य केले पाहिजेत. वाऱ्यात तो फेकीला अडथळा करतो, आणि ग्रॅमभर वजनाचे दोन-तीन निंफ एकत्र लावले तर तो हळूहळू पाणी पिऊन थकतो.

पोकळ प्लॅस्टिकचा गोळा न थकणारा आहे. वितळत्या बर्फाच्या पाण्याने फुगलेल्या नदीत, सहा-सात फूट खोल खळग्यात, दोन जड निंफ तळाशी न्यायचे असतील तर त्याला पर्याय नाही. संथ पाण्यात त्याचा आदळण्याचा आवाज घातक ठरतो, आणि काही बनावटींत तो दोरीला अशी मुरड पाडतो की तो काढल्यावरही ती सरळ होत नाही. फोमचे गोळे त्याहून मऊपणे उतरतात. चिकट पाठीच्या फोमच्या टिकल्या स्वस्त आणि अगदी हलक्या; उथळ ओढ्यात त्या उत्तम, पण एकदा चिकटवल्या की सरकत नाहीत, आणि निसटून गेल्या तर नदीत कचरा होतात, हे मला खटकते. तरंगणाऱ्या लुकणाचा एक प्रकार मिळतो, तो थंडीत कडक होतो.

एक निराळीच तजवीज म्हणजे सूचकाच्या जागी तरंगती माशीच बांधणे. मोठ्या, फोमच्या अंगाच्या टोळाच्या नकलेला किंवा दाट केसांच्या माशीला, तिच्या गळाच्या वाकाशी टिपेटचा तुकडा बांधून त्याच्या टोकाला निंफ लावतात. वरची माशी खालची खबर देते, आणि मासा वर आला तर त्यालाही ती आमिष ठरते. गुडघाभर पाण्यात, उन्हाळ्याच्या अखेरीस, काठच्या गवतातले टोळ पाण्यात पडत असताना, याहून सुसंगत व्यवस्था मला माहीत नाही. कारण माशाला इथे पाण्यावर दिसते ती वस्तू त्याच्या परिचयाची असते. भार मात्र ती एका हलक्या निंफपुरताच सोसते.

माशाला काय दिसते हा प्रश्न रंगाच्या निवडीशी निगडित आहे. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्यातल्या माशाला वरचे सगळे जग एका गोल खिडकीतून दिसते. मासा एक मीटर खोल असेल तर त्या खिडकीचा व्यास सुमारे सव्वादोन मीटर असतो, आणि खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा भासून त्यात तळाचे प्रतिबिंब दिसते. खिडकीबाहेर तरंगणाऱ्या सूचकाचा फक्त पाण्याखाली बुडालेला भाग त्याला दिसतो. खिडकीत शिरल्यावर उजळ आकाशापुढे तो बहुतांशी काळसर ठिपका होतो. यावरून असे निघते की सूचकाच्या रंगापेक्षा त्याचा बुडालेला आकार आणि पडण्याचा धक्का माशाला अधिक जाणवतो, आणि रंग हा मुख्यतः आपल्या डोळ्यांसाठी निवडायचा असतो. सावलीत नारिंगी किंवा गुलाबी दिसतो. हिरव्या झाडीचे प्रतिबिंब पडलेल्या पाण्यात पोपटी हरवतो. फेसाळ पाण्यात पांढरा माशाला बुडबुड्यासारखा वाटतो हे खरे, परंतु तो आपल्यालाही बुडबुड्यासारखाच वाटतो. मी पांढऱ्या लोकरीच्या माथ्यावर चार नारिंगी तंतू मिसळून घेतो. चापून बसवलेले हे चार तंतू कल दाखवतात आणि दृष्टीही टिकवतात.

सूचक कुठे बांधावा याचा रूढ नियम असा की पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतर त्याच्या आणि निंफच्या मध्ये असावे. वरचा थर वेगवान असल्यामुळे दोरी खाली सरळ न लोंबता तिरकी राहते, त्या तिरकेपणाची ही भरपाई. म्हणून संथ पाण्यात दीडपटीहून कमी आणि अति वेगात दुपटीपर्यंत जावे लागते. सूचकाखाली जाड लीडर न ठेवता थेट बारीक टिपेट बांधला तर पाण्याचा विरोध कमी होऊन निंफ झपाट्याने उतरतो, हे मी अनेकदा प्रत्यक्ष अनुभवले आहे. वाटेल तेव्हा सरकवता येईल असा सूचक असावा, कारण तीर्थनसारख्या नदीत दर वीस पावलांवर खोली बदलते, आणि आळसामुळे न सरकवलेला सूचक सबंध दिवस फुकट घालवतो.

प्रत्येक नदीची मागणी वेगळी. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सॅन हुआन नदीवर १९६२ साली नवाहो धरण पुरे झाले, आणि धरणाच्या खोल पोटातून सुटणाऱ्या थंड पाण्यामुळे खालच्या वाळवंटी भागात ट्राउटचा मोठा प्रदेश निर्माण झाला. तिथले मासे तांदळाच्या कणीएवढे चिलटांचे कोष खातात, पाणी नितळ आणि एकसारखे वाहते, आणि मासा आमिषाकडे निवांतपणे पाहून घेतो. अशा ठिकाणी हरभऱ्याएवढा पुंजका किंवा फोमचा चिमुकला गोळा हवा. तीर्थनमध्ये शिळांमागच्या भोवऱ्यात तो दिसणारसुद्धा नाही. कोलोरॅडोत किंवा स्कॉटलंडात नोकरीनिमित्त राहणारे आपले लोक सुट्टीच्या दिवशी नदीवर जातात, त्यांना माझे सांगणे इतकेच की दुकानातून एकाच मापाची सहा नगांची पाकिटे आणण्याऐवजी तीन मापांचा एकेक नग आणि लोकरीचा एक लडा आणावा.

सूचकच नको, असे म्हणणाराही एक समर्थ संप्रदाय आहे. फ्लाय मासेमारीची जागतिक स्पर्धा १९८१ साली लक्झेंबर्गमध्ये सुरू झाली, आणि त्या स्पर्धांच्या नियमांत दोरीला तरंगता सूचक लावण्याची मुभा नाही. त्यामुळे पोलिश, झेक आणि फ्रेंच स्पर्धकांनी लीडरमध्येच एक फूट-दोन फूट भडक रंगाचा नायलॉनचा तुकडा बांधून, तो पाण्याच्या वर ताणून धरून, त्याच्या हालचालीवरून तळाची खबर घेण्याची कला पूर्णत्वास नेली. इथे पृष्ठभागावर काहीच तरंगत नसल्यामुळे वरच्या प्रवाहाची ओढ जवळजवळ नाहीशी होते. दहा-अकरा फुटांची हलकी काठी हाती असेल, पाणी वेगवान आणि मासा पंचवीस फुटांच्या आत असेल, तर या पद्धतीची सर कोणत्याही सूचकाला येणार नाही हे मी निःसंकोच कबूल करतो. परंतु तिच्यासाठी माशाच्या जवळ जावे लागते. नदी रुंद असेल, मासा पलीकडच्या काठाशी असेल किंवा वारा दोरीला झोकांडे देत असेल, तर पुन्हा पुंजक्याकडेच वळावे लागते.

खबर वाचण्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण उत्तम सूचकही वाचणाऱ्यावाचून मुका असतो. बुडण्याची वाट पाहू नये. पुंजका थांबला, बुडबुड्यांच्या ओळीतून बाजूला सरकला, वरच्या दिशेला कलला, किंवा नुसता थरथरला, तरी काठी मनगटाने हलकेच उचलावी. दहापैकी बहुतेक वेळा तळाचा दगड निघेल, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये. दगड लागतो याचा अर्थ निंफ योग्य खोलीवर आहे. बराच वेळ दगडच लागला नाही तर सूचक वर सरकवावा. वेळेवर उचललेल्या काठीचा आणखी एक लाभ आहे. गळ ओठाच्या कडेला लागतो, घशात उतरत नाही, आणि काटा बोथट केलेल्या गळावरून मासा इजा न होता सोडता येतो. कुलूच्या नद्यांत ट्राउट १९०९ च्या सुमारास प्रथम सोडले गेले; शंभरावर वर्षे त्यांनी तिथे तग धरला आहे, तो पुढेही धरावा असे ज्याला वाटते त्याने या गोष्टीला पहिले महत्त्व द्यावे.

त्या दिवशी संध्याकाळी ऊन तिरके होऊन पाण्यावर पसरले आणि सारी नदी कथिलाच्या पत्र्यासारखी चमकू लागली, तेव्हा माझा पांढरा पुंजका मला दिसेना. मी आवराआवर करू लागलो. चाचाजींनी झोळीत हात घालून काळ्या मेंढीच्या लोकरीची चिमूट काढली आणि दुपारच्याच फासात ती बसवली. त्या चकाकणाऱ्या पाण्यावर तो काळा ठिपका सकाळच्या नारिंगी चेंडूहून स्पष्ट दिसत होता. अंधार पडेपर्यंत तो चार वेळा थांबला. तीनदा दगड होता. चेंडू मी फेकून दिलेला नाही, फुगलेल्या पाण्यासाठी तो पेटीत ठेवला आहे, आणि त्याच्या शेजारच्या खणात त्या काळ्या लोकरीचा राहिलेला भाग आहे. पेटी उघडली की अजूनही मेंढीचा वास येतो.